न विचारता हलणारं

फिजिओथेरपी शिकणारी माझी नात जेवताना पुस्तक उघडून मोठ्यानं पाठ करते. परवा तिनं सुरू केलं, "आज्जी, स्नायू तीन प्रकारचे..."

मी म्हटलं, "ठाऊक आहेत. तिन्ही मी एका दुपारी पाहिलेत. चुलीवर चढायच्या आधी."

तिचा घास तोंडापाशीच थांबला. पुढचं तिला सांगितलं नाही, इथे लिहिते.

लग्न करून वैरागजवळच्या एका गावात गेले तेव्हा मी सोलापूरची, बारावी सायन्स झालेली सून होते. हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणायचे. भाकरी एकही गोल व्हायची नाही, पण चुलीपुढं बसून सासूबाईंना शिकवायचे: हातापायाचे स्नायू आपला हुकूम मानतात म्हणून ते ऐच्छिक, आतड्यांचे आपल्याला विचारत नाहीत म्हणून ते अनैच्छिक, आणि हृदयाचे तर तिसरेच, जन्मभर न थकणारे.

"मग त्या हाताला हुकूम दी की," सासूबाई म्हणायच्या, "भाकरी करपाया लागली."

पहिल्या दोन खेपांना माझा गर्भ तिसऱ्या महिन्यातच पडला होता. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी माळावरच्या पिराला नवस बोलला, चौथा महिना सरू दे, बकरं कापून कंदुरी करते. चौथा सरला. बकरं आणलं, भावकीला आवतण गेलं. पण पाचवाही संपत आला तरी पोटात काही हललं नव्हतं. सासूबाई रोज सकाळी विचारत, "हललं का गं?" मी रोज नाही म्हणून मान हलवायची. मग त्या चुलीत उगाच एखादी काटकी सारत.

कंदुरीच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की माळावर कुणाचीच सावली दिसत नव्हती. गावच्या मुलाणीकाकांनी कलमा म्हणून बकरं कापलं. पोटुशीनं बघायचं नाही म्हणून मला टेम्पोच्या आड बसवलं होतं. आता बारावी सायन्स झालेली बाई टेम्पोच्या आड बसते होय? मी डोकावले.

काकांनी आतडी घमेल्यात काढून ठेवली होती. ती सरकत होती. अगदी सावकाश, एक लाट इकडून उठायची आणि तिकडं जाऊन विरायची, जणू त्यांना अजून काही पचवायचं होतं. शेजारच्या ताटलीत काळीज... नाही, नीट सांगते, काळीज वेगळं, हे हृदय. ते एकटंच उडत होतं. दोनदा उडालं, थांबलं. मी श्वास धरला. पुन्हा एकदा उडालं. आजूबाजूला बायका कांदे चिरत होत्या, गप्पा मारत होत्या, कुणाचं लक्षही नव्हतं.

मी मुकाट्यानं जागेवर येऊन बसले. तेवढ्यात परात पुढ्यात आली, "मीठ-हळद चोळ." मांस अजून ऊन होतं. मी मीठ टाकलं, आणि मांडीचा तुकडा माझ्या बोटांखाली आखडला. मग शेजारचा थरथरला. मग सगळी परातच बारीक बारीक हलायला लागली, माश्या बसल्यावर जनावराची कातडी हलते तशी.

"जितं हाय! जितं हाय!" सायन्सवाली सून गावाला ऐकू जाईल अशी किंचाळली आणि परात मातीत पालथी झाली.

माझी चुलतसासू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं. पिराला पोचलंच न्हाय. आता हिच्या पोटातलं बी..."

सासूबाईंचा चेहरा मातीसारखा झाला. तो मला बघवेना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अवो, पोटात हललं! म्हणून वराडले मी!"

मग काय विचारता. "कुटं गं? हितं का?" म्हणत साताठ हात माझ्या पोटावर आले. कांद्याचे, हळदीचे. चुलतसासूनं कान लावला आणि म्हणाली, "व्हय की, लागतंय!" काय लागलं तिला, पीर जाणे. सासूबाई रडत होत्या. मांस धुऊन चुलीवर चढलं.

मुलाणीकाका सुरी पुसत सगळं बघत होते. बायका पांगल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, ताजं मांस मीठ झोंबलं की हलतंय. जीव गेला तरी ताकद जरा वेळ ऱ्हाती. हललं म्हंजे जितं न्हाय." सुरी फडक्यात गुंडाळत म्हणाले, "आन् हलंना म्हंजे मेलं, असं बी न्हाय की."

म्हणजे माझं खोटं त्यांना कळलं होतं.

पुढचे अकरा दिवस मी रोज खोटं बोलले. "आज दोनदा हललं." "आज डाव्या अंगाला." सासूबाई मूठभर शेंगदाणे जास्त द्यायच्या. आणि दुपारी एकटी पडले की मी पोटावर तळवा ठेवून बसायची. काहीतरी सरकायचं, मी उठून बसायची, ती आतडी असायची. पापणी आपोआप फडफडायची. पोटरीतलं मांस उगाचच उडायचं, मी बोट दाबून धरलं तरी. मग ती परात आठवायची. वाटायचं, हे अंग माझं नव्हेच, आपापलं हलतंय, आणि ज्यानं हलायचं तेवढंच गप्प आहे.

बाराव्या दिवशी माहेराला म्हणून सोलापूरला आले आणि आईला घेऊन दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी पोटावर लाकडी नळकांडं लावलं आणि कान टेकवला. जागा बदलली. पुन्हा बदलली. मी छताकडं बघत होते. तिसऱ्या जागी त्या इतका वेळ थांबल्या की मी मनातल्या मनात सासूबाईंना काय सांगायचं ते जुळवायला लागले.

"लई पळतंय की गं," त्या म्हणाल्या.

"पण हलत नाही हो."

"हलंल की. लोळत पडलं असंल. काळीज तर घोड्यागत पळतंय."

"कधीपासनं?"

त्या हसल्या. "तुला दिवस गेल्याचं कळायच्या सुमारापासनं. तुला इचारून थोडंच?"

आईनं डोळे पुसले, देवाचं नाव घेतलं. मी मात्र पोटावर हात ठेवायला धजले नाही. इतके महिने माझ्या आत, अंधारात, ते एकटं उडत होतं, आणि मला पत्ता नव्हता. खोटं खरं झालं होतं, आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण नंतर. आधी काटा आला, आणि रिक्षात बसेपर्यंत मी पदर पोटापासून दोन बोटं लांब धरून चालले.