माझं मौन आणि मालगाडीचा डबा

आधी चहा संपवा बाई सगळ्यांनी, मगच सुरू करते. मागे हे सांगताना आमच्या धाकट्या जाऊबाईंना असा ठसका लागला होता, की पाठीवर थापा मारून मारून माझ्याच बांगड्या वाढवल्या!

देवाधर्माचं करून कुणाचं कधी वाईट झालंय का? नाही ना? मीही अगदी ठामपणे हेच म्हणत होते. आजही म्हणते. पण वडप्याच्या त्या डब्याचं मी जे काही करून ठेवलं, ते ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आम्ही तेव्हा भिवंडीत, कामतघरला राहायचो. खाली पॉवरलूम, वर आम्ही. लूमच्या खडखडाटाची इतकी सवय, की वीज जाऊन लूम थांबले की आमची झोपमोड व्हायची! आमचे हे एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, ऑफिसात कारकून. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, काही नाही. दुसऱ्या बायका मला म्हणायच्या, भाग्यवान आहेस गं! त्यांना काय माहीत, आमच्याकडे मालगाडी होती ते?

खरी नव्हे हो, छोटी. यांना जुन्या मालगाडीचं मॉडेल करायचा नाद. चार चाकांचे, लोखंडी, बंद डबे असायचे ना पूर्वी, धान्यबिन्य भरायचे, तसला एक डबा हुबेहूब करायचा. आणि हुबेहूब म्हणजे काय, ते यांच्याशी संसार केल्याशिवाय कळायचं नाही. डब्यावरचे रिव्हेट म्हणून माझ्या शिवणाच्या टाचण्यांची डोकी कापून चिकटवलेली! दाराची कडी डावीकडे असते की उजवीकडे, यावर एक अख्खा आठवडा आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आमच्या मामांचा एक जुना फोटो होता, फलाटावरचा. मागे मालगाडी. पण मामा नेमके डब्यावरच्या अक्षरांपुढे छाती काढून उभे! मामा वारले त्या दिवशीसुद्धा हे हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा हो. फक्त जरा सरकून उभे राहिले असते तर!"

तर डबा झाला तयार. कडीकोयंडे, चाकं, सगळं झालं. राहिला रंग आणि त्यावरची अक्षरं. तिथे गाडी अडली. "पुराव्याशिवाय रंग नाही!" हे यांचं ब्रीदवाक्य. मी म्हटलं, "लावा की तांबडा, कोण बघतंय?" तर असे बघायला लागले माझ्याकडे, जशी मी एकादशीला कांदा चिरायला घेतलाय!

आणि बघणारं होतं कुणीतरी. ठाण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरायचं होतं. ते भरवणारे सबनीस काका रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी यांना स्पष्ट सांगितलं होतं, "डबा तंतोतंत असेल तर टेबल देईन. अंदाजपंचे काम असेल तर घरीच ठेवा." यांची आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मिरवायची वेळ. आणि डबा आपला बोडका, कपाटावर बसलेला.

मग मी काय करणार? माझ्या हातात जे होतं ते केलं. नवस बोलले. यांचा डबा प्रदर्शनात लागेपर्यंत दर सोमवारी उपास आणि मौन. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. खुणा चालतील. अक्षर लिहायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच की. आकडे मात्र चालतील. हा माझाच पोटनियम. दूधवाल्याचं काय करणार हो नाहीतर?

आणि देवानं ऐकलं! आमच्याकडे जवळच्याच वडपे गावाहून भाजीची पाटी घेऊन यमुनाबाय यायची. एका रविवारी तिनं यांचा डबा कपाटावर बघितला आणि म्हणाली, "ह्यो असला मोठ्ठा डबा आमचे शेतावर हाय की! सासऱ्यानं लिलावात आणलेला. पेंढा भरतो त्यात."

हे जेवता जेवता उठले. "रंग आहे त्यावर? जुना?"

"हाय थोडा थोडा. पन बघायचा तर लवकर बघा. मंगलवारी गॅसवाला येनार हाय कापायला. दीर गोडाऊन बांधतोय तिथं."

घ्या! मधे एकच दिवस, सोमवार. यांना ऑफिसातून सुट्टी मिळेना. भिवंडीत सुट्टी ती शुक्रवारची. राहिलं कोण? मीच!

"एक दिवस मौन सोड ना," हे काकुळतीला आले.

"अहो, नवस कुणासाठी बोललेय? तुमच्या डब्यासाठीच ना? आणि माप घ्यायला तोंड कशाला लागतं? टेप लागते!"

केवढा माझा आत्मविश्वास! यांनी रात्री मला सगळं शिकवलं. लांबी, रुंदी, उंची. खालचा सांगाडा वाकून बघायचा. अक्षरं पुसट असतील तर पाणी मारायचं, म्हणजे उठून दिसतात. आणि शेवटी सुरीनं रंगाचा नखाएवढा पापुद्रा खरवडून आणायचा. मी शिवणाची टेप घेतली, खडू घेतला, सुरी घेतली, पापुद्र्यासाठी कुंकवाचा रिकामा करंडा घेतला आणि पाण्यासाठी पूजेचा तांब्या. सकाळी महादेवाला बेल वाहिला आणि निघाले. रिक्षावाल्याला यांनीच पत्ता समजावून ठेवला होता. तो बिचारा वाटेत तीनदा म्हणाला, "भाभी, कुछ तो बोलो, सही जा रहा हूँ ना?" मी आपली मान डोलावतेय.

शेताच्या कडेला, करंजाच्या सावलीत डबा उभा. चाकं गेलेली, दगडांवर टेकवलेला. यमुनाबाय बाजारात गेलेली, आणि घरी सांगायचं विसरलेली. तिची सासू पेंढ्याशेजारी बसली होती. आपण आजी म्हणू.

"कोन गो तू बाय? कुनाकडं आलीस?"

मी हात जोडले. ओठांवर बोट ठेवलं. डब्याकडे दाखवलं. मग आकाशाकडे. म्हणजे मौन आहे, डब्याचं काम आहे, आणि हे वरच्यासाठी चाललंय. आता सांगा, याहून स्पष्ट काय असतं?

आजी शेजारणीला म्हणाली, "मुकी हाय गो बिचारी. पन डब्याकडं कशी बघते बघ!"

मी लागले कामाला. टेप केवढीशी, डबा केवढा! खडूची खूण करत करत, सरकत सरकत डब्याभोवती फिरले. आकडा चुकला वाटलं म्हणून परत फिरले. मग रिव्हेट मोजायला आणखी एकदा. बोलायचं नाही म्हणून मनात मोजत होते, ओठ तेवढे हलत होते. एक ओळ मोजली की डोळे मिटून आकडा घट्ट धरून ठेवायचा. मग तांब्यातलं पाणी हळूहळू अक्षरांवर सोडलं. आणि काय सांगू, खरंच उमटली हो अक्षरं! मी आनंदानं हात जोडले. आकडे कागदावर टिपले. अक्षरं पोटनियमात बसत नव्हती, ती म्हटलं लक्षात ठेवू. मग खालचा सांगाडा बघायला पदर खोचून सरळ जमिनीवर पालथी पडले. उठताना गंजाचा हात कपाळाला पुसला.

आणि मागे वळले.

आठ-दहा बाया हात जोडून उभ्या! एकीच्या हातात हळदकुंकू, एकीच्या हातात नारळ. आजीच्या डोळ्यांत पाणी.

आता तुम्हीच बघा त्यांच्या जागी उभ्या राहून. सोमवार. एक अनोळखी मुकी बाई येते. पुटपुटत प्रदक्षिणा घालते, तांब्यानं पाणी घालते, दंडवत घालते आणि उठते ती कपाळभर तांबडं घेऊन! तुम्ही काय केलं असतंत? मी असते तर सगळ्यांत आधी मीच नारळ आणला असता!

मी घाईघाईनं सुरी काढली, निदान पापुद्रा तरी घेऊ म्हणून. तशी आजीनं माझा हात धरला. "न्हाय गो! देवाला सुरी लावतेस?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही! म्हणजे देव नाही!

"बघ, तीबी न्हाय म्हनते सुरीला," आजी म्हणाली.

तेवढ्यात आजीचा मुलगा आला. "म्हातारे, काय लावलंय? उद्या गॅसवाला येनार हाय."

"येऊ दे. नारळ फोडून परत जाऊ दे. ह्या डब्याला कोनी हात लावायचा न्हाय!"

मी घरी आले ती तरंगतच. दिवा लावला आणि तोंड उघडलं, "अहो, डबा वाचला! कापणार नाहीत!"

यांना काय आनंद! "आणि अक्षरं? काय होती अक्षरं?"

"हे बघा आकडे."

"आकडे कळले. अक्षरं?"

"एक... गोलसर होतं." रिक्षाच्या धक्क्यांत बाकीची सांडली होती. "पण काळजी कशाला? शुक्रवारी तुम्हीच जा ना. सबनीस काकांनाही न्या. डबा आता कुठे जात नाही!"

गेलो शुक्रवारी तिघे. लांबूनच मला काहीतरी नारिंगी दिसायला लागलं. मला वाटलं, ताडपत्री असेल. जवळ गेलो. ताडपत्री कसली? शेंदूर! तेलात कालवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर जाड! रंग गेला, अक्षरं गेली, रिव्हेटसुद्धा बुजले. दाराला तोरण, वर झेंडा. डबा वाचला होता. डब्यावरचं मात्र आता काही वाचता येत नव्हतं.

सबनीस काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अख्खी नोकरी वॅगनमध्ये काढली. हा रंग पहिल्यांदाच पाहतोय."

मी मनाशी म्हटलं, आज सोमवार नाही, तोंड मोकळं आहे, दोन वाक्यांत सगळं निस्तरते. तेवढ्यात आजीनं मला बघितलं. "आली गो! मुकी बाय आली!"

मी पुढे झाले आणि अगदी खणखणीत आवाजात म्हटलं, "आजी, अहो, मी मुकी नाही!"

आजी पेंढ्यावरून ताडकन उठली.

मग जो कल्ला उठला! "बोलली! मुकी बोलली!"

"अहो, तसं नाही, मला आधीपासूनच बोलता येतं!"

"बघा, कशी घडाघडा बोलते!"

"सोमवारी माझं मौन..."

"ऐकलंत? सोमवारचा देव हाय!"

मी जितकी समजावतेय तितके नारळ फुटताहेत! यमुनाबायनं म्हणे घरी सांगितलं होतं, की ही बाई रोज माझ्याशी भाजीवरून घासाघीस करते, कसली मुकी! पण सुनेचं ऐकतंय कोण?

हे माझ्या कानाशी येऊन दात आवळून म्हणाले, "सांग त्यांना स्पष्ट, डब्यात देव नाही म्हणून!"

"कुठल्या तोंडानं सांगू? चराचरात आहे म्हणून रोज म्हणणारी मीच ना?"

आजीनं माझी ओटी भरली, सबनीस काकांना खोबरं दिलं आणि आम्ही परत निघालो. नखाएवढा पापुद्रासुद्धा मिळाला नाही.

घरी आल्यावर यांनी कपाटावरचा तो बोडका डबा खाली काढला. मी देवापुढे बसले आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, यांचं टेबल गेलं रे माझ्यामुळे! तेवढ्यात मागून आवाज आला, "शेंदूर आहे का घरात?"

"अहो?"

"पुराव्याशिवाय रंग नाही. आणि पुरावा आता एकाच रंगाचा आहे. तेल पण आण."

आणि केला हो त्यांनी! तोच नारिंगी, तेवढाच जाड, कुठे ओघळलाय तेही तसंच. चाकं काढून डबा खड्यांवर टेकवला. माझ्या मण्यांचं बोटभर तोरण, काडीला कापडाचा झेंडा. सबनीस काका इतके हसले, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. म्हणाले, "मी वडप्याला डोळ्यांनी पाहिलंय. तंतोतंत आहे. टेबल तुमचं!" म्हणजे माझा नवस फळला की नाही? फळलाच!

प्रदर्शनाला मी ठरवूनच गेले, की आज आपल्या हातून काहीही होऊ द्यायचं नाही. यांच्या टेबलाशी गेले. कोट घालून उभे होते, इतके छान दिसत होते! आणि समोर तो इवलासा शेंदरी डबा, तोरण लावलेला. काय झालं कुणास ठाऊक, चप्पल पायातून निघाली, हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले.

डोळे उघडले तर हे कपाळाला हात लावून उभे. मागे बघते तर रांग! चार-पाच बायका चपला काढून, पदर सावरून उभ्या. त्यांतली पहिली पुढे वाकून हळूच म्हणाली, "अहो, यांचा वार कुठला हो?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सोमवार!"