डिग्री कमी पडते

साक्कोट्टैच्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि माझ्या उजव्या हाताची बोटं मोडली. प्लास्टर निघालं तेव्हा ती अर्धवट वाकून आखडली होती. मूठ मिटेना, घास उचलेना. डाव्या हातानं जेवणं आमच्या घरात चालत नाही, आणि चमचा दिला तो मी भिरकावला. मग या वयात आईच मला भरवू लागली. पन्नाशी उलटलेली बाई आईच्या हातून रसमभात खाते! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ठरवलं, आपल्या हातानं जेवायचंच.

फिजिओथेरपीवाली मुलगी गोड, पण महाकडक. दोन पट्ट्यांचा छोटा कोनमापक बोटाच्या पाठीवर ठेवून एकेक सांधा मोजायची. "मडक्कुंग, इन्नुम् कोंजम्," म्हणजे वाकवा, अजून थोडं. मी दातओठ खाऊन वाकवायची. आकडा काही हलायचा नाही.

एकदा घरी येऊन मी चिडून म्हटलं, "आज पण डिग्री कमीच पडली."

आईला ऐकू कमी येतं. स्वयंपाकघरातून ती कडाडली, "मग बदल त्याला! पाणी घालतो मेला!"

आमच्या कुंभकोणमात डिग्री म्हणजे कॉफी, बिनपाण्याच्या दुधाची. आईनं दूधवाल्याला धारेवर धरलं होतं. मी पोट धरून हसले. पण हसता हसता चपापले. घरी व्यायाम करताना मी बोटं डाव्या हातानं दाबून वाकवत होते, आणि ती मुलगी मोजायची ते बोटांचं स्वतःचं बळ. पाणी मीच घालत होते की!

त्या दिवसापासून डावा हात मांडीखाली. बोटांनी आपलं आपण वाकायचं. कळ कोपरापर्यंत जायची. जाऊ दे. आई म्हणायची, "पुरे ग." मी ऐकलं नाही.

हळूहळू आकडा सरकला. मुलगी म्हणाली, मधला सांधा अजून मागे आहे, घाई नको. मी मान डोलावली आणि घरी येऊन केळीचं पान मांडलं. पहिला घास निम्मा सांडला, रसम मनगटावरून ओघळलं. दुसरा नीट तोंडात गेला.

आई बघत होती. मला वाटलं, डोळे पुसेल. तिनं आपलंही पान शेजारी मांडलं आणि भात वाढून घेतला.

"बरं झालं," ती म्हणाली, "आतां मीपण ऊन ऊन जेवतें."