निवडून केलेली बेरीज

देवदत्त सरांना रत्नागिरीत कुणाचीच अक्कल मान्य नव्हती. कॉलेजातले सहकारी गाइडं वाचून शिकवणारे, प्राचार्य खुर्चीला चिकटलेले आणि गावाची मजल मासळीच्या भावापलीकडे जात नव्हती. सर मात्र सहाशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हायड्रोजन किती होता ते मोजत होते. तारे याच वायूतून जन्मतात, तेव्हा तो कधी किती होता हे कळलं की विश्वाची उमेद कधी ओसरली ते कळतं. हे त्यांनी शेजारच्या भास्करला एकदा तासभर समजावलं. भास्करने ‘मग यंदा आंबा कसा?’ म्हणून विचारलं, तेव्हापासून सरांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

एका दीर्घिकेचा रेडिओ-संकेत इतका क्षीण असतो, की दुर्बिणीच्या खरखरीत तो बुडूनच जातो. म्हणून हजारो दीर्घिकांच्या नोंदी एकीवर एक ठेवून बेरीज करायची. खरखर आपसांत जिरते आणि वायूचा उंचवटा तेवढा वर येतो. पुण्याच्या संशोधकांकडून सरांनी अशा सात हजार नोंदी मिळवल्या आणि कॉलेज सांभाळून सहा वर्षं खपले. उंचवटा आला. निवृत्तीच्या सत्कारात तो जाहीर करायचं ठरलं, कॉलेजने गेटवर फलकही लावला. आयुष्यात मिरवावं असं सरांकडे एवढं एकच होतं.

सत्काराच्या दोन दिवस आधी मनस्विनी आली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात याच विषयात काम करणारी. सरांनी कौतुकाने दाखवलेली आकडेमोड तपासताना तिने विचारलं, की बेरजेत चारच हजार नोंदी कशा.

“बाकीच्या नासक्या होत्या गो,” सर ऐटीत म्हणाले. “एकेक डोळ्यांखालून घातली. बागायतदाराच्या घरात जन्मलोय, पेटीत डागी फळ जाऊ देत नाही मी.”

नासकी ओळखायची कशी, असं तिने हळूच विचारलं. उंचवटा हवा तिथे खड्डा दिसला की नासकी, सरांनी सांगितलं. मनस्विनीने फेकलेल्या नोंदींची फाइल उघडली. खड्डे फेकून उंचवटे राखले तर नुसत्या खरखरीचीही बेरीज डोंगर होईल, हे बारावीच्या पोराला कळावं. दुसऱ्यांची अक्कल काढण्यात जन्म घालवलेल्या माणसाला सहा वर्षांत ते कळलं नाही. तिने सातही हजार नोंदी घालून पुन्हा बेरीज केली. रेघ सपाट आली.

पोरीला हाकलून द्यावं असं सरांना क्षणभर वाटलं.

“सर, अजून कुणालाच माहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणाल तसं.”

सत्काराला सभागृह भरलं होतं. सर उठले. “मला काहीही सापडलेलं नाही,” ते म्हणाले. “हवं ते ठेवलं, नको ते फेकलं. नवख्यानेही करू नये अशी चूक आहे आणि ती माझी आहे.”

अध्यक्षांनी माइक ओढून घेतला आणि खरा विद्वान किती विनयशील असतो यावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. शाल पडली, नारळ आला, टाळ्यांचा कडकडाट झाला. भास्कर तर उभा राहून वाजवत होता. शेवटच्या रांगेत मनस्विनी तेवढी हात मांडीवर ठेवून रडत होती. माणसाची सहा वर्षं बुडाली, हे त्या सभागृहात दोघांनाच कळलं होतं.