लेकीच्या घरातली फळी

धुळ्याच्या घराला कुलूप लावल्यावर अप्पांनी किल्ली मला दिली नाही. शेजारच्या शकुंतलाकाकूंच्या हातात ठेवली. "परत येईन तेव्हा लागेल," म्हणाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, पण ते अप्पांना दिसणार नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर तोवर एवढी गेली होती की उजेड कुठल्या बाजूनं येतोय तेवढंच कळायचं. ओट्यावर उभं राहून त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर पंजा टेकला. दगडी, जाड भिंत, वर्षानुवर्षांच्या चुन्याची. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला तरी त्यांनी हात काढला नाही. शेवटी मीच दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं.

याच ओट्यावरून मी लग्न होऊन बडोद्याला निघाले, तेव्हा अप्पा आईला म्हणाले होते, "रडतेस काय? बडोदं काही लांब नाही. आपली गाडी जाते तिथं." ते एसटीत कंडक्टर होते. धुळे डेपोची गाडी जिथं जाते ते गाव त्यांच्या लेखी लांब नसायचं. मला मात्र ते फार लांब वाटलं. माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या घरचे मराठी, कुणी खापरपणजोबा गायकवाडांच्या फौजेत आले ते इथलेच झाले. घरात बोलणं मराठीच, पण भाजीला शाक म्हणायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ने' लावायचे. "तू येतेस ने?" "चालेल ने?" पहिलं वर्षभर मला वाटायचं, हे लोक सगळं विचारूनच का बोलतात? आता मीही तसंच बोलते. माहेरी गेले की काकू हसायच्या, "आली गुजरातीण."

आई गेल्यावर अप्पा काही वर्षं एकटे राहिले. मग एकदा पेटता स्टोव्ह तसाच राहिला, धूर बघून काकू धावल्या, आणि मी त्यांना आणायला गेले. मी एकुलती एक. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, "लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं असतं, माय?" आमच्याकडे लेकीला लाडानं माय म्हणतात. मी म्हटलं, "बघू." त्या 'बघू'वर ते बडोद्याला आले.

आमचा फ्लॅट सुभानपुऱ्यात, नव्या बिल्डिंगमध्ये. मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यानं तिची खोली रिकामी होती, ती अप्पांना दिली. चांगली हवेशीर खोली. पण अप्पा तिथं दिवसभर पलंगावर बसून राहायचे. धुळ्याला ते डोळे नसताना सगळ्या घरात फिरायचे, कारण भिंतीला जागोजाग कोनाडे होते, खुंट्या होत्या. इथं तांब्या, इथं रेडिओ, इथं काठी, आणि हात एकावरून दुसऱ्यावर जायचा. आमच्या भिंती नुसत्या गुळगुळीत. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "तुमच्या घरात हात ठेवायला जागाच नाही गं."

रविवारी मिलिंदनं फळी लावली. तो जवळच गोरव्याला एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये आहे, घरची असली कामं तो आवडीनं करतो. ड्रिल भिंतीला लावलं आणि ते भसकन आत गेलं. त्याच्या चपलांवर पांढरी भुकटी पडली. "भिंत आहे का खारी बिस्कीट?" तो म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो, अप्पासुद्धा. बिल्डिंगच्या भिंती विटांच्या नव्हत्या, पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या होत्या. मिलिंदनं भोकात नेहमीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यात स्क्रू आवळले, दोन ब्रॅकेट आणि वर फळी. अप्पांच्या कमरेच्या जरा वर. त्यावर रेडिओ, तांब्या, डोळ्यांत घालायचे थेंब. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मला रेडिओ ऐकू आला, तेव्हा फार बरं वाटलं.

आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही की अप्पा फळीवर नुसत्या वस्तू ठेवणार नव्हते. आयुष्यभर चालत्या गाडीत वरचा दांडा धरून उभा राहिलेला माणूस. उठताना हाताला जे लागेल ते धरून तो उठणारच. काही दिवसांनी सकाळी मी पोळ्या लाटत असताना धाडकन आवाज आला. जाऊन बघते तर अप्पा जमिनीवर, अंगावर फळी, सगळीकडे पाणी. ब्रॅकेटं गिट्ट्यांसकट उपटून आली होती. भिंतीत चार भगदाडं होती आणि त्यांतून भुकटी गळत होती.

मनगट मोडलं होतं. पण मी उचलायला वाकले तेव्हा ते हाताबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "तुमची भिंत मोडली गं मी. मिलिंदरावांना काय वाटेल?"

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

दवाखान्यातून प्लास्टर घालून आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "हात सुटला की मला गाडीत बसवून द्या. काकू जेवणाचं बघतील." मी रागावले, रडले. मिलिंद त्यांच्याजवळ खाली बसला. "अप्पा, भिंतीचं काय घेऊन बसलात? प्लास्टर तिलाही मारू, तुम्हालाही मारलंय ने?" अप्पा हसले, पण बेत बदलला नाही. हात सुटेपर्यंत ते कशालाही धरून उठले नाहीत. मला हाक मारायचे आणि मी येईपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहायचे, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसे.

मी ठरवलं, फळी पुन्हा लावायची. त्यांनी जावं की राहावं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण आमच्या घरानं त्यांना पाडलं ही गोष्ट मनात घेऊन त्यांनी जाऊ नये.

गोरव्याच्या रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार भरतभाईंनी फळीवर वजन किती येणार ते विचारलं, "बेन, वजन केटलुं?" मी म्हटलं, "माणसाचं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी अप्पांचं सगळं सांगितलं. मग त्यांनी काउंटरवर एकेक मांडलं. एक लांब नायलॉनची गिट्टी, खास अशा हलक्या-मऊ ब्लॉकसाठी, स्क्रू फिरेल तशी सगळ्या लांबीभर फुगून ब्लॉकला पकडणारी. दुसरं, नळीतून भोकात भरायचं केमिकल. त्यात सळई बसवायची, ते वाळून दगडासारखं होतं. "केमिकल नाखो," ते म्हणाले, म्हणजे तेच घाला, "बेस्ट." आणि तिसरा, आटे पाडलेला लांब दांडा. भिंतीतून आरपार न्यायचा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी लावायची आणि नटानं आवळायचा.

केमिकल हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. ते चांगलंच असणार. पण ते भिंतीच्या आत काय करतंय हे मला कधी दिसलं नसतं, आणि मागच्या गिट्ट्याही बाहेरून चांगल्याच दिसत होत्या. मी आरपारचे दांडे घेतले.

मिलिंदला ते पटलं नाही. ती भिंत अप्पांच्या आणि आमच्या खोलीच्या मधली. "आपल्या पलंगाच्या डोक्याशी नट दिसतील. हॉटेलची खोली असती तर गिऱ्हाईक पळून गेलं असतं."

"दिसू दे."

"वर फ्रेम लावू या का एखादी?"

"नको. दिसू दे."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ड्रिल काढलं. या वेळी ड्रिलचा ठोके मारायचा खटका बंद ठेवून हळूहळू भोक पाडलं, ब्लॉक फुटू नये म्हणून. मी आमच्या खोलीत पट्टी धरून बसले, तो पलीकडून आवळत होता. "बस, बस," मी ओरडले, फार आवळलं तर ब्लॉकच चेपतो असं भरतभाईंनी बजावलं होतं. मग मी फळीला दोन्ही हातांनी लटकले. पाय वर उचलून. पन्नाशीची बाई, गाऊनमध्ये. मिलिंद हसत सुटला. पलंगावर बसलेले अप्पा मान वळवून ऐकत होते.

"काय चाललंय?"

"तुमची लेक लटकलीय, अप्पा."

ते हसले नाहीत. "लागेल तिला. उतरवा खाली," म्हणाले.

प्लास्टर निघालं. मनगट ताठच राहिलं, बोटं जाड झाली होती. अप्पांनी पिशवी भरायला सांगितली, मी भरली. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांचा तोच हात धरून त्यांना आमच्या खोलीत नेलं. इतक्या महिन्यांत ते त्या खोलीत कधीच आले नव्हते. लेक-जावयाच्या खोलीत पाऊल टाकायचं त्यांना अवघड वाटायचं. दाराशी थबकले. मी त्यांची बोटं भिंतीवर, त्या पट्ट्यांवर ठेवली.

"हे काय?"

"तुमची फळी. इथून धरलीय."

त्यांनी एकेक नट चाचपला. "हे तुमच्या डोक्याशी आलं की गं. मिलिंदरावांना विचारलंस?"

मिलिंद दारातच होता. "मीच आवळलेत, अप्पा."

अप्पांनी पुन्हा एकदा पट्टी चाचपली. मग म्हणाले, "चहा टाकतेस का?" जायचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पिशवी कितीतरी दिवस पलंगाखाली भरलेलीच होती. फळीवर मात्र ते फक्त वस्तू ठेवत. पुष्कळ दिवसांनी एका दुपारी मी दारातून पाहिलं, ते पलंगावरून पुढे झुकून फळीला आधी दोन बोटं लावून बघत होते. मग तळवा. मग सगळा भार टाकून उठले. मी आवाज न करता मागे फिरले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले.

ते दोन पावसाळे आमच्याकडे राहिले. सुखात होते असं मी म्हणणार नाही. चहाचा दुसरा कप त्यांनी कधी मागितला नाही. आवडती भाजी सांगितली नाही. फोनवर काकूंना म्हणायचे, "लेकीकडे आहे सध्या." ते 'सध्या' शेवटपर्यंत सुटलं नाही. आजारपण लांबलं नाही; एका पहाटे झोपेतच गेले. पाहुण्यासारखे, कुणाला त्रास न देता. मला तो त्रास हवा होता.

अस्थी घेऊन मी एकटी धुळ्याला गेले. काकूंनी किल्ली दिली. घर उघडलं तर कोनाड्यांत धूळ होती, एका खोलीचं छत गळून भिंत हिरवी पडली होती. काकू म्हणाल्या, "राहतेस का रात्रभर?" मी नाही म्हटलं. मला तिथं बसायला कुठं जागा आहे तेच सुचेना. परत निघताना त्यांनी विचारलं, "घरी कधी पोचशील?" आणि मी सहज उत्तर दिलं, "संध्याकाळपर्यंत." रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की मी घरातून घरी निघाले होते, आणि दोन्हीकडे अप्पा नव्हते.

तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना हे माहीत असेल. लग्नानंतर इतकी वर्षं माहेराहून येऊन बडोद्याच्या स्टँडवर उतरलं की मी पहिलं काम काय करायचे, तर फोन. आधी धुळ्याच्या घराशेजारच्या दुकानात, मग अप्पांच्या मोबाईलवर. "पोचले." तिकडून एवढंच यायचं, "बरं." त्या संध्याकाळी स्टँडवर उतरले, सवयीनं फोन काढला, अप्पांचं नाव समोर आलं. त्यांचा फोन आमच्याच घरात, कपाटात बंद पडला होता.

लोक धक्के मारून जात होते. मग मिलिंदला लावला.

"पोचले."

त्याला मी कधीच असा फोन केला नव्हता. त्याच्याकडे तर मी येतच असायचे.

"बरं," तो म्हणाला. "थांब तिथंच. न्यायला येतो."