धरणाचा चुना आणि माझी परीक्षा

हसायचं नाही, या अटीवर सांगतो! आणि चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

पन्नास सालानंतरची गोष्ट. महाळुंगे पडवळजवळच्या ओढ्यावर मातीचं लहानसं धरण बांधायला घेतलं होतं आणि मी तिथला ओव्हरसियर. तिथली चिकणमाती दिसायला झकास, पण महा लबाड! ढेकूळ पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं गढूळ. अशा मातीचं धरण पहिल्या पावसातच आतून धुपून गेलं असतं. पण त्याच मातीत चुना कालवला की ढेकूळ जागचं हलत नसे. हे मी शोधलं होतं, बरं का! मी एकट्यानं!

मोठे साहेब पुण्याहून चुन्याला मंजुरी द्यायला आले. नामंजूर झालं तर काम बंद. सगळं गाव जमलं. मी काचेचे दोन पेले मांडले. ओढ्याचं पाणी जरा गढूळ, ते साहेबांपुढे कसं ठेवणार? शेडमागच्या पिंपात नितळ पाणी दिसलं. पेले मी जातीनं भरले.

एकात चुना कालवलेल्या मातीचं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात साध्या मातीचं. "आता बघा!"

बघतात तर काय? दोन्ही पेले स्वच्छ!

साहेब म्हणाले, "अहो, साधी मातीही टिकते की! मग चुना हवा कशाला?"

जुन्नरचे चुनाभट्टीवाले इस्माईलभाई कानाशी लागले, "राव, पाणी कुठलं घेतलं?"

"पाणी चोख आहे!" मी गरजलो. "पिऊन दाखवतो!"

आणि पिंपातलं पाणी तांब्याभर काढून घटाघटा प्यायलो की हो!

जीभ भाजली, घसा आवळला, डोळ्यांतून धारा!

"आरं देवा!" इस्माईलभाईंनी कपाळाला हात लावला. "त्यात कालच आमी चुना भिजवला व्हता! चुना बसला तळाला, वरची निवळी प्यालात तुमी!"

साहेबांनी पिंपात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे साधं ढेकूळसुद्धा चुन्यामुळेच टिकलं! ओढ्याचं पाणी आणा बघू." त्या पाण्यात साधं ढेकूळ टाकताच सगळा पेला पांढरट. चुन्याचं तसंच घट्ट! साहेबांनी जागेवर मंजुरी दिली, माझी पाठ थोपटली. मला "आभारी आहे" म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं "आ आ" निघालं.

धरण अजून उभं आहे, राव! बघितलं की छाती फुगते. परवा व्याह्यांना मुद्दाम दाखवायला नेलं. बांधावर एक म्हातारी भेटली. मी ऐटीत विचारलं, "काय आजी, हे धरण कुणी बांधलं, ठाऊक आहे का?"

तिनं मला निरखून पाहिलं. "बांधलं कुणी ते न्हाई ठावं. पर चुना पिऊन आ आ करणारं सायेब तुमीच न्हवं?"