तिसरं मॉडेम

आमच्या घरासाठी मॉडेम निवडलं ते माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे ज्यांनी आयुष्यात की-बोर्डाला बोट लावलं नव्हतं त्यांनी. त्यात नवल काही नव्हतं. बोअर कुठं घ्यायची, चुलत नणंदेला कुठलं स्थळ बरं, माझ्या नवऱ्यानं कुरकुंभच्या कुठल्या कंपनीत लागावं, सगळं तेच ठरवायचे. ते सोसायटीचे संचालक होते, कमरेला मोबाईल होता आणि पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री होती. आमच्या मांडवगणात एवढ्यावर माणूस जाणकार ठरतो.

ते माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही. मी समोर भाकरी थापत असले तरी ते सासूबाईंना सांगायचे, "आये, तिला म्हणावं, च्या टाक." सासूबाई मान वळवून मला म्हणायच्या, "च्या टाक गं." साखर किती, हेही मी सासूबाईंनाच विचारायचे आणि त्या त्यांना विचारायच्या. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. तिथं शेजारचे काकाही हाक मारून बोलायचे. मला हा सगळा प्रकार पहिल्या दिवसापासून हास्यास्पद वाटला आणि आजही वाटतो.

लग्नाआधी मी पुण्यात एक कोर्स केला होता. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की काय आढळलं ते बोलून ठेवतात. ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं, जसंच्या तसं टाइप करायचं आणि इंटरनेटवरून परत पाठवायचं. काम घरी बसून करता येतं, पण तुटणार नाही असं इंटरनेट लागतं. गावात टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. पुण्यातल्या एका बाईंनी मला घ्यायचं कबूल केलं, आधी एक आठवडा चाचणी. फाइली वेळेत पोचल्या तर काम, नाहीतर नाही. घरातूनही एवढी एकच संधी होती. नवरा म्हणाला, "एकदा करून बघ. न्हाई जमलं तर पुन्हा हट्ट धरायचा न्हाई." आठवडा फसला असता तर शिकलेलं सगळं विसरून मी जन्मभर गोठा झाडत बसले असते. माझ्या जावा तेच करत होत्या आणि त्यांना कुणी हुशार म्हटलं नव्हतं. मला म्हटलं होतं, म्हणून मला ते जास्त लागलं असतं.

जोडणीला लाईनमन आला तेव्हा दीर खुर्ची टाकून बसले होते. लाईनमननं मॉडेम लावलं, फोनच्या तारेला स्प्लिटर नावाची एक छोटी डबी जोडली आणि म्हणाला, "आता फोन आन् नेट एकाच वेळी चालंल. पॅरलल हाय का कुठं? असंल तर तिथं बी डबी लागंल, न्हाईतर तो उचलला की नेट जाईल."

"न्हाई," दीर म्हणाले. "व्हता पूर्वी. वाटण्या झाल्या तवाच तोडला."

हे सगळ्या भावकीला माहीत होतं. वाटण्यांच्या वेळी त्यांनी चार लोकांसमोर सांगितलं होतं की फोन धाकट्याला, मला नको, मी मोबाईलवाला माणूस. अंगणापलीकडच्या त्यांच्या स्लॅबच्या घरात पूर्वी याच तारेवरचं दुसरं, म्हणजे पॅरलल, फोनचं डबडं होतं, ते त्यांनी उदार मनानं काढून टाकलं होतं. लोक अजून त्या मोठेपणाचं नाव काढायचे.

मॉडेम दोन दिवस चाललं, मग दिवा मिचकायला लागला. नेट जायचं, पाच-दहा मिनिटांनी यायचं, पुन्हा जायचं. दिरांनी आमच्या ओसरीवर बसून निदान केलं. "भाड्याचं मशीन हाय. भाड्याच्या बैलावानी चालनार." ते स्वतः शिरूरला जाऊन दुसरं घेऊन आले. दुकानदारानं त्यांना काय विचारलं असेल आणि त्यांनी काय उत्तर दिलं असेल, याची कल्पना करून मला अजून हसू येतं. ते ब्रॉडबँडचं मॉडेम नव्हतंच, जुन्या पद्धतीचं डायल-अपचं होतं. पण "हे जमणार नाही" हे मी सासूबाईंना सांगायचं, सासूबाईंनी त्यांना सांगायचं, आणि त्यांनी सासूबाईंना सांगायचं की तिला काय कळतंय. ते तसंच घडलं.

तिसरं त्यांनी पुण्याहून आणवलं. दोन अँटेना, चार दिवे, सगळ्यात महाग. घरात आल्यावर त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. मी तो काढायचे, त्या टाकायच्या. नारळाचं पाणी फक्त वायरीवर सांडलं, हे नशीब. एवढं करूनही दिवा मिचकायचा तो मिचकायचाच. चाचणी सुरू झाली होती.

पहिल्याच दिवशी एक फाइल अर्ध्यात तुटली. पुण्याच्या बाईंनी फोन केला, तेव्हा दुसरीही तुटली. बाई सौम्य होत्या, पण म्हणाल्या, "गावच्या लाइनीवर हे काम होत नाही, हा माझा अनुभव आहे." मला रडू आलं. त्या दिवशी दुपारी मी दौंडला आईला फोन लावला. कॉम्प्युटर समोर चालू होता, दिवा स्थिर होता. आई म्हणाली, "काय गं, आवाज का बसलाय?" आणि दिवा मिचकायला लागला. मी फोन ठेवला. थोड्या वेळानं दिवा स्थिर झाला. मी पुन्हा फोन लावला. आईनं हॅलो म्हटलं, आणि दिवा गेला.

लाईनमन म्हणाला होता, फोन आणि नेट एकाच वेळी चालेल. आमच्या फोनला डबी होती. मग डबी नसलेला फोन कुठला उचलला जात होता, हे कळायला फार डोकं लागलं नाही. रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून मी मागच्या दारानं गेले आणि आमच्या भिंतीवरून निघालेली काळी वायर नजरेनं धरत चालले. ती कडुनिंबाच्या फांदीतून, कौलांच्या कडेकडेनं गेली आणि स्लॅबच्या घराच्या खिडकीत शिरली. खिडकीच्या आत पलंग होता, आणि पलंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेली पाठ, कानाला रिसीव्हर.

मी तिथंच उभी राहिले. दोन वर्षं मी आईशी त्या फोनवर बोलत होते. सासूबाईंबद्दल, न टिकलेल्या गर्भाबद्दल, नवऱ्याच्या नाईट शिफ्टबद्दल. मला फार राग आला, आणि किळसही आली. ऐकण्याचं काम करून मी पोट भरायला निघाले होते, आणि हा माणूस ते घरबसल्या हौस म्हणून करत होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ असं करायचे न्हाईत." सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विषय बदलला, आणि मला कळलं की त्यांना माहीत आहे. "थोरल्याला इचारायचं कुनी?" एवढंच त्या म्हणाल्या. खरंच होतं. वायर तोडायला कुणी जाईना, कारण वायर आहे हेच कुणाला मान्य करायचं नव्हतं. एवढी मोठी घरं, एवढ्या मोठ्या मिशा, आणि एका काळ्या वायरीला सगळे घाबरत होते. मी ती कापायला अडकित्ता घेऊन बाहेरही गेले, तर सासूबाईंनी हात धरला.

चाचणीचा शेवटचा दिवस आला. सगळ्यात लांब फाइल मी पाठवायला लावली आणि स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरत होती. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या बाई होत्या. "आज ही फाइल आली नाही तर मी नाइलाजानं दुसऱ्या मुलीला घेईन," त्या म्हणाल्या. पट्टी थांबली. दिवा मिचकायला लागला.

सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी फोनमध्ये शांतपणे म्हणाले, "भावजी, फोन ठेवा."

पुण्याच्या बाई म्हणाल्या, "कोण भावजी?"

"आमचे थोरले दीर आहेत, मॅडम. रोज ऐकतात. भावजी, माझी नोकरी जातेय. ठेवा."

 तारेवर खट्ट असा आवाज आला. बाईंनी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं, आणि त्या म्हणाल्या, "मी थांबते. फाइल पुन्हा पाठव." दिवा स्थिर झाला. मी पुन्हा पाठवली, ती पूर्ण गेली. बाईंनी तिथंच सांगितलं की सोमवारपासून ये, म्हणजे घरीच बस, पण ये.

संध्याकाळी दीर ओसरीवर आले. शर्ट तोच, इस्त्री तीच. माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "आये, तिला म्हणावं, तिसरं मॉडेम चांगलं निघालं. म्या म्हनलंच व्हतं."

सासूबाई मला सांगायला वळल्या. त्यांना त्रास नको म्हणून मीच सरळ दिरांकडे बघितलं. "पहिलंही चांगलंच होतं, भावजी," मी म्हणाले.

"थोरल्या दिरासंगं असं त्वांड वर करून बोलत्यात व्हय?" सासूबाई कडाडल्या, आणि रागाच्या भरात नको तेच विचारून बसल्या. "आन् पहिलं चांगलं व्हतं म्हंजी? मग नेट कशानं जात व्हतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओसरीवर आणखी दोन जण बसले होते, सोसायटीतलेच. दिरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"जा तू," ते म्हणाले. "तुझं काम बघ."