आत्याच्या नावाची रेघ

आत्याने केलेला सर्किट बोर्ड इतका हुबेहूब असायचा की तो नवा आहे, यावर कोणाचा विश्वास बसला नसता. तिच्या मुळावर आलं ते हेच.

जुन्या सिंथेसायझरमधली, म्हणजे विजेवर वाजणाऱ्या पेटीतली, बॅटरी पाझरली की आतला बोर्ड खाऊन टाकते. आणि बोर्ड करणारा कारखाना कधीच बंद पडलेला. मग आत्या त्या मेलेल्या बोर्डावरची एकेक रेघ भिंगातून टिपायची, तांब्याचा थर दिलेल्या पट्टीवर उतरवायची आणि भावाच्या स्वयंपाकघरात ट्रे मांडून ॲसिडच्या पाण्यात बुडवायची. रेघांपुरतं तांबं उरायचं, बाकीचं विरघळायचं. बेसिनवरचे पिवळे डाग घासत वहिनी म्हणायची, "वन्सं, इथे कधीमधी स्वयंपाकही होतो हं."

तेवढं आत्या ऐकून घ्यायची. पण तो जुनी वाद्यं विकणारा दुकानदार! हा गृहस्थ तिचे बोर्ड न्यायचा, कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलेलं 'आत्या' ब्लेडने खरवडायचा आणि गिऱ्हाइकांना खुशाल सांगायचा, "कारखान्यातलाच जुना माल, शेवटचे दोन उरलेत." वर्षभर त्याचे शेवटचे दोनच उरले होते.

आत्याला हे कळलं वहिनीकडून. वहिनीला कोणाकडून, ते विचारायचं नसतं.

"तीन-तीन आठवडे डोळे फोडायचे मी, आणि नाव कारखान्याचं?" आत्या दोन दिवस धुमसत होती.

पुढच्या बोर्डावर तिने शाई वापरलीच नाही. नाव तांब्यातच काढलं, आणि आवाज बाहेर नेणारी रेघ नेमकी त्या अक्षरांच्या शिरोरेषेतून नेली.

आठवड्यात दुकानदार दारात हजर. सोबत पांढऱ्या केसांचा एक वादक, आणि दोघांच्या हातांत मुकं पडलेलं वाद्य.

"आत्या, हा कारखान्याचा बोर्ड जरा बघता का?"

आत्याने झाकण उघडलं. कोपऱ्यात तांबं खरवडून काढलेलं. "इथे काय होतं हो?"

"काही नाही. डाग होता."

"डाग." आत्याने भिंग त्याच्या हातात कोंबलं. "नीट बघा. जे होतं ते सांगितल्याशिवाय मी हात लावायची नाही."

"अहो, सांगून टाका की," वादक वैतागला. "परवा माझा कार्यक्रम आहे."

दुकानदाराने घसा साफ केला. "'आत्या' असं लिहिलं होतं. म्हणजे याच. बोर्ड यांनीच केलाय."

"मग तो कारखान्यातला जुना माल?" वादकाने त्याच्याकडे वळून विचारलं.

"तोही यांचाच."

आत्याने डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. "तुमचं भांडण बाहेर जाऊन करा," ती म्हणाली. "मला आधी माझं नाव जोडू द्या."